गळ्यातलं बाचं, कानातलं मामाचं

उसाच्या गाड्या रस्त्यावरून हटल्या की थोडे दिवस आमच्या कोडोलीत गप्पगार वाटतं. धूळ खाली बसते, चिपाडाचा वास उतरतो, कुत्रीसुद्धा रस्त्याच्या मधोमध निवांत झोपतात. मग एका सकाळी कुणाच्या तरी दारात मांडवाच्या वाशांची मोळी धाडकन उतरते. तो आवाज ऐकला की गोठ्यात असलो तरी मला कळतं, लग्नसराई आली. आणि माझा हात आपोआप कानाला लागतो.

माझे कान मोडलेले आहेत. तालमीच्या मातीत वाढलेल्या कुठल्याही पैलवानाचे बघा, असेच असतात, कढईत जास्त वेळ राहिलेल्या भज्यासारखे. ते मोडले त्याचं मला कधी वाईट वाटलं नाही. एस.टी.त चढलो की लोक कानाकडं बघून जागा देत, त्याचा माज होता आणि थोडा अजून आहे. पण दरसाल ह्या दिवसांत ह्या मोडक्या कानांना आठवतात ती दुसऱ्याच कानांतली फुलं. माझ्या लेकीच्या, शोभाच्या कानांतली.

यंदा शोभाच्या लेकीचं लग्न आहे. गौरी तिचं नाव, पुण्यात नोकरीला असते. गेल्या महिन्यात सुट्टी काढून आली, माझ्या शेजारी कट्ट्यावर बसली आणि मोबाइल माझ्या नाकापुढं धरला.

"आबा, हे बघा. हळदीला हा सेट, संगीताला हा, आणि रिसेप्शनला हा मोठा."

मी चष्मा पुसून बघितलं. गळ्यातलं आणि कानातलं, एका आईची लेकरं असल्यासारखं. गळ्यात मोर तर कानात मोर. गळ्यात हिरवा थेंब तर कानातही हिरवा थेंब लोंबतोय.

"गळा एक आणि एवढं समदं?"

"गळ्याला न्हाय आबा, साड्यांना. प्रत्येक साडीला मॅचिंग पायजे की."

"आणि लगीन झाल्यावर?"

"परत द्यायचं. भाड्यानं मिळतात."

"मांडवाची भांडी भाड्यानं आणत्यात ते ठावं हुतं."

आतून तिची आज्जी, म्हणजे आमची मंडळी, ओरडली, "तुमच्या लग्नात फेटासुदिक मागून आणलावता की वो. गप बसा."

फेटा मागूनच आणला होता. पोरगी खुदूखुदू हसली आणि मला बरं वाटलं. तिच्या बोटाखाली ते हार एकामागून एक सरकत होते, आणि प्रत्येकावर ती एवढ्या आशेनं थांबत होती, की भाड्याचं काय आणि घरचं काय, मनापासून ल्यायचं म्हटल्यावर माणसाचं तोंड सारखंच उजळतं.

अक्षता पडताना घालायचा सेट मात्र भाड्याचा नाही. त्यातलं गळ्यातलं शोभा आणि जावई करणार, आणि कानातलं मामा करणार, म्हणजे माझा मुलगा संभाजी. आमच्या घरात ही रीतच आहे. पोरीचे कान मामाच्या मांडीवर टोचायचे, आणि लग्नात त्या कानांत सोनं मामानंच घालायचं. संध्याकाळी संभाजी धार काढत होता, तेवढ्यात त्याच्या खिशात फोन वाजला. शोभानं हाराचा फोटो पाठवला होता. एक हात कासेला ठेवून त्यानं दुसऱ्या हातानं बघितलं आणि लगेच तिला फोन लावला. "ताई, असलंच करतो. खडा लाल न्हवं? बरं, बरं." झालं. म्हशीनं शेपूट हलवायच्या आत सेट जुळला.

मी बघतच राहिलो. एवढंच होतं होय हे? शोभाच्या लग्नात ह्याच गोष्टीपायी दोन घरं जिवाला घोर लावून बसली होती.

शोभाचे कान टोचले ते तिच्या मामाच्या, दत्तूच्या मांडीवर. दत्तू म्हणजे आमच्या मंडळींचा पाठचा भाऊ, राधानगरीकडचा. तिकडच्या पावसात वाढलेला, भाताच्या रोपासारखा लांबसडक आणि वाऱ्यावर हलणारा. सोनारानं तार टोचली तशी पोरगी किंचाळली, आणि डोळे भरले ते दत्तूचे. तिच्यासाठी हातात धरलेलं गूळ-खोबरं त्यानं गडबडीत स्वतःच्या तोंडात टाकलं.

"दाजी, लई दुखलं वो."

"तुझं कान टोचलं का पोरीचं?"

असे आम्ही होतो. एका ताटात जेवायचो. तो आला की माझी आई त्याच्यासाठी दुधाची साय वेगळी काढून ठेवायची, मला नाही.

मग त्यांच्या गावची जत्रा आली. मैदानात माझी कुस्ती होती आणि पंच दत्तू होता. मी गड्याला खाली घेतला, उलटा केला, पाठ मातीला लावली. आख्ख्या मैदानानं बघितलं. दत्तूनं गुडघे टेकले, जमिनीला गाल लावून बघितलं, उठला, आणि आम्हा दोघांचे हात धरून वर केले. कुस्ती बरोबरीत.

"एक खांदा उचललेला हुता," म्हणाला.

"कुणाचा? तुझा?"

"दाजी, आख्खं गाव बघतंय. तुमी माझं पावणं. मला बघून न्हाय चालत."

ते त्याचं बरोबर असेल की चूक, मला तेव्हा ऐकू आलं नाही. मानाचा फेटा न घेता, अंगाची माती न धुता मी तसाच एस.टी.त बसलो. कंडक्टरनं बाकावर पोतं टाकलं आणि मला त्यावर बसवलं.

त्यानंतर आम्ही बोललो नाही. शोभा तेव्हा पाटी-दप्तर घेऊन शाळेला जाणारी होती, ती लग्नाला आली तोवर बोललो नाही. भाऊबीजेला तो आपल्या बहिणीकडं यायचा, ओवाळून घ्यायचा, जेवायचा. परसात समोरासमोर आलो तर तो बहिणीशी बोलायचा आणि मी म्हशीशी.

"आक्का, कुणाला तरी सांग, अंघोळीचं पाणी तापलंय."

"हे म्हसरा, कुणाला तरी सांग, मला गार पाण्याची सवय हाय."

म्हैस दोघांकडं बघायची आणि रवंथ करायची. तिच्याएवढं शहाणपण आमच्यात एकालाही नव्हतं. पोरं हसायची. त्यांची आई हसायची नाही. ती म्हणायची, "एक माझ्या कुकवाचा, एक माझ्या पाठचा. दोघांस्नी एका दाव्याला बांधाय पायजे."

शोभाचं लग्न ठरलं ते इचलकरंजीला. मुलाकडच्यांचे स्वतःचे यंत्रमाग होते, घर शहरी वळणाचं, संध्याकाळी स्टेजवर खुर्च्या मांडून आहेर घेणारं. तोवर आमच्याकडं असलं काही झालं नव्हतं. बैठकीतच त्यांच्या बायका शोभाकडं कसं बघत होत्या ते मी बघितलं. बायकांचं बघणं ठरलेलं असतं. आधी गळा, मग कान, मग तोंड.

आमच्याकडं माझ्या आईचा साज होता. कोल्हापुरी साज, जुन्या घडणीचा. आत लाख भरलेले मणी, मधोमध लाल खड्याची पानडी, आणि दोन्ही अंगांना मासा, कासव, शंख, चंद्र अशी नखाएवढी पानं. लहानपणी आईच्या मांडीवर झोपलो की मी त्यातला मासा तोंडात धरायचो. तो एका बाजूनं झिजला होता, तो माझ्या दातांनी. माझी लेक तोच साज घालून उभी राहणार, हे मी ती जन्मली तेव्हाच ठरवून टाकलं होतं. तिला कधी विचारलं नव्हतं. विचारायचं असतं हेच ठाऊक नव्हतं.

आणि तिला पाहिजे होता सेट. तिच्या मैत्रिणीच्या लग्नात तिनं बघितला होता. लाल खड्यांचा हार आणि त्याच खड्यांचे लोंबते झुमके, मान वळवली की गालावर लाल उजेड पाडणारे. हे तिनं मला सांगितलं नाही, मामाला सांगितलं. सुट्टीला ती तिकडं जायची. मामानं तिथल्या तिथं कबूल केलं. मग दुधाच्या गाडीबरोबर निरोप आला, "आक्का, कानातलं माझं. लाल खड्याचं झुमकंच करणार."

मी जेवत होतो. ताट सारलं.

"माझ्या आईच्या साजावर झुमकं? म्हशीच्या गळ्यात मोटारीचा हॉर्न बांधाय सांग तुझ्या भावाला."

"अवो, पोरीची हौस हाय."

"साजच घालंल ती. सांग त्येला, साजावर शोभतील असली फुलं करायची असतील तर कर. न्हायतर मोकळ्या हातानं ये."

निरोप गेला. तिकडून उलटा आला. "झुमकंच करणार. गळ्यात काय घालायचं ते ज्येचं त्येनं बघावं. आणि दाजींनी तोंडानं बोलावल्याबिगर मी मांडवात पाय टाकणार न्हाय. झुमकं पाठवून देतो."

इथं सगळं अडलं. आमच्यात लग्नाचं पहिलं बोलावणं मामाला जातं आणि पोरीच्या बापानं स्वतः जाऊन करायचं असतं. मी गेलो नाही. पत्रिका पाठवली, तीही बायकोच्या हातून. आता मामाच आला नाही तर पोरीला बोहल्यापाशी कोण आणणार? तिच्या पाठीशी कोण उभं राहणार? लोकांनी विचारायच्या आधी हे मी स्वतःला विचारत होतो, आणि उत्तर आलं की वैरणीचा भारा उगाच जोरात आपटत होतो. शोभा काही मागत नव्हती. ती माझीच लेक. मागून न मिळण्यापेक्षा न मागितलेलं बरं, असं तिचं होतं.

एका दुपारी मी पाणी प्यायला घरात आलो. बाहेर ऊन रटरटत होतं, आत अंधार वाटत होता. माजघरात आरशापुढं शोभा उभी होती. गळ्यात आईचा साज घातलेला, आणि दोन्ही कानांच्या पाळ्यांवर तिनं लाल टिकल्या चिकटवल्या होत्या. मान इकडं वळवून बघत होती, तिकडं वळवून बघत होती. लाल खडा कानात कसा दिसंल, ते. मग स्वतःलाच हसली, एक टिकली काढून आरशाच्या चौकटीला लावली, साज उतरवून, त्याला कपाळ लावून डब्यात ठेवला.

मला बघून ती लगबगीनं पाणी घेऊन आली. दुसऱ्या कानावरची टिकली काढायची राहिली होती. मी तांब्या तोंडाला लावला आणि सगळा तांब्या संपेपर्यंत त्या टिकलीकडं बघत राहिलो.

दुसऱ्या दिवशी दुधाच्या गाडीतून कोल्हापूरला गेलो. गुजरीत, सोनारांच्या गल्लीत, शिरलो की माझ्यासारख्याला उगाच अंग चोरावंसं वाटतं. दोन्ही अंगांना काचा, काचांत उजेड, आणि गादीवर बसलेली माणसं हळू बोलणारी. एका दुकानात बसलो. म्हणालो, "लाल खड्याचा हार दाखवा. कानातलं नको."

"पैलवान, हा सेट हाय. तोडून देत न्हाय आमी."

"कानातलं मामा देणार हाय."

त्यानं माझ्या तोंडाकडं बघितलं, मग माझ्या कानाकडं बघितलं, आणि सेट तोडून दिला. झुमके काढून घेऊन डबी माझ्यापुढं केली. आत मखमल, मधे हार, आणि वर दोन बाजूंना दोन रिकामे खड्डे. तोंडातले दोन दात पडल्यासारखी दिसत होती ती डबी. पण मनात म्हटलं, दत्तूचे झुमके आले की बसतील इथं. बोलायचं नाही त्याच्याशी. नुसतं जुळू दे.

घरी आल्यावर डबी बायकोच्या हातात दिली. "तुझ्या भावाला कळता कामा न्हाय. मी वाकलो असं त्येला वाटाय नको."

तिनं डबी उघडली, हाराकडं बघितलं, रिकाम्या खड्ड्यांकडं बघितलं, आणि झाकण लावलं. "न्हाय कळणार," म्हणाली. तोंडावर काही दिसू दिलं नाही. त्या बाईनं आयुष्यभर मला हेच करून दाखवलंय आणि मला एकदाही कळलेलं नाही.

लग्न आमच्या दारातच होतं. वैशाखाचं ऊन, मांडवाच्या कापडातून गाळून पडणारं, सगळ्यांची तोंडं पिवळी करणारं. बुंदीचा वास, मोगऱ्याचा वास, शिंपडलेल्या अंगणाचा वास. इचलकरंजीची मंडळी दोन ट्रक भरून आली होती. शोभाला सजवून ओटीवर बसवलं होतं. गळ्यात लाल खड्यांचा हार, आणि कान मोकळे. कुणीतरी विचारलं, "कानातलं न्हाय व्हय?" आमची मंडळी म्हणाली, "येतंय."

मी फेटा बांधून मांडवाच्या तोंडाशी उभा होतो. येईल त्याला राम राम घालत होतो आणि नजर रस्त्यावर. पावण्यांसाठी उभा आहे असं कुणाला वाटलं असेल तर वाटू दे. लाउडस्पीकरवर भटजी म्हणाले, "मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावं." थोड्या वेळानं परत म्हणाले. तिसऱ्यांदा म्हणाले तेव्हा मांडवातल्या बायका एकमेकींकडं बघायला लागल्या, आणि ओटीवर शोभानं मान खाली घातली.

तेवढ्यात रस्त्याला एक जीप थांबली. दत्तू उतरला. नवा सदरा, वर धुळीनं माखलेला फेटा. वाटेत टायर बसला होता, ते मागाहून कळलं. तो झपाझप आला आणि मांडवाच्या कडेला, सावलीच्या रेषेबाहेर, उन्हात थांबला. आत पाऊल टाकलं नाही. बोलावणं नव्हतं ना. खिशातून सोनाराच्या गुलाबी कागदाची पुडी काढून त्यानं बहिणीच्या हातात दिली. मग मान वर करून शोभाकडं बघितलं. तिच्या गळ्याकडं बघितलं. आणि त्याचं तोंड उघडंच राहिलं.

"दाजी, साज कुठं हाय?"

इतक्या वर्षांनी माझ्याशी बोललेला त्याचा पहिला शब्द हा.

"आधी आत ये, मग विचार," मी म्हणालो.

तो आला की आत. मी त्याला तोंडानं बोलावलं आणि तो मांडवात आला, हे आम्हा दोघांच्याही ध्यानात आलं नाही. बायकांच्या आलं.

आमच्या मंडळींनी पुडी सोडली. आत झुमके नव्हते. घडीव सोन्याची फुलं होती, जुन्या चालीची, केसात अडकवायच्या वेलासकट. आणि वेलाच्या टोकाला नखाएवढा मासा. माझ्या आईच्या साजातला मासा दत्तूनं ध्यानात ठेवला होता. साय खाताना समोर बघितला असेल त्यानं.

"तू झुमकं करणार हुतास न्हवं?" मी म्हणालो.

"करणार हुतो. पण तुमी ऐकणारं न्हाय. म्हटलं, आपणच वाकावं. पोरीच्या गळ्यात एक आणि कानात एक नको. आणि तुमी ह्यो हार कशाला आणलासा?"

"तू ऐकणारा न्हाईस म्हणून."

"मग सांगायचं न्हाय व्हय?"

"तुझ्याशी बोलत कुठं हुतो मी?"

"मीबी कुठं बोलत हुतो?"

मग जे झालं ते अजून कोडोलीत लोक सांगतात. मला त्या माशाकडं बघवेना. मी ओरडलो, "शोभा, काढ त्यो हार. साज घाल. मामानं आज्जीचा मासा आणलाय."

दत्तू आडवा आला. "अजिबात काढायचा न्हाय. पोरीच्या मनातला हार हाय. ही फुलं ऱ्हाऊ द्या बाजूला, ती बिनकानातल्याची उभी ऱ्हाईल."

"बिनकानातल्याची? माझी लेक?"

"माझी भाची हाय."

"साज घालंल ती."

"हारच घालंल."

इचलकरंजीचा एक पावणा शेजारच्याला म्हणाला, "ह्येंचं कायतरी उलटं हाय बघ. बा साजाचा आणि मामा झुमक्याचा, असं ऐकलं हुतं." त्यावर एक म्हातारी पदर तोंडाला लावून हसली, आणि तिचं हसू सगळ्या मांडवात पांगलं. भटजी म्हणाले, "मालक, मुहूर्त तुमच्यासाठी थांबत न्हाय." आमच्या मंडळींनी कनवटीचा बटवा काढला, त्यातून साज काढून आमच्या दोघांच्या मधे धरला. "घ्या. ह्यो साज, त्यो हार. आता पोरीला विचारा. अजून कुणी विचारलेलं न्हाय."

आम्ही दोघांनी शोभाकडं बघितलं. ती हसत होती आणि रडत होती. साज तिनं डोळ्यांना लावला आणि आईकडं परत दिला. मग एक फूल उचललं आणि डावा कान पुढं केला.

"मामा, घाला की. मला दिसत न्हाय."

दत्तूची बोटं भाताच्या चिखलात रापलेली, जाड. फिरकी काही केल्या बसेना. सारखी निसटून पडायची. मग मी वेल धरला, केस बाजूला केले, आणि त्यानं फिरकी लावली. आधी डावा कान, मग उजवा. त्या वेळी आमचे हात एकमेकाला लागले. त्याची बोटं गार होती. उन्हातून आलेला माणूस, आणि बोटं गार.

दत्तू तिला बोहल्याकडं घेऊन चालला तेव्हा नवऱ्याकडच्या एका बाईनं शोभाला विचारलंच, "अगं, हे मॅचिंग न्हाय वाटतं."

शोभा म्हणाली, "गळ्यातलं बाचं हाय, कानातलं मामाचं."

त्या बाईनं, म्हणजे तिच्या होणाऱ्या सासूनं, एकदा माझ्याकडं बघितलं, एकदा दत्तूकडं. "मग बरोबर हाय," म्हणाली, आणि शोभाच्या वेलाचा आकडा जरा वर सरकवून नीट केला.

मांडव उठल्यावर, पोरगी गेल्यावर, घर रिकाम्या डब्यासारखं वाजत होतं. मी आणि दत्तू ओटीवर बसलो होतो. तेव्हा आमची मंडळी चहा ठेवता ठेवता म्हणाली, "मला दोन्हीकडचं ठावं हुतं."

"म्हंजे?"

"हळद दळताना वहिनीनं, ह्येच्या बायकूनं सांगितलं, ह्येनं फुलं कराय टाकल्यात म्हणून."

"मग बोलायचं न्हाय?"

"बोलले असते तर दोघं बी परत ताठ झाला असता. ह्या दत्तूनं म्हटलं असतं, दाजी वाकल्यात तर मी कशाला वाकू. तुमी बी तेच. वाकला हुता तसं ऱ्हाऊ दिलं." आणि कपबशा घेऊन आत गेली.

मी आजवर देवाला फार काही मागितलं नाही. पण त्या बाईनं त्या दिवसांत तोंड बंद ठेवलं, त्याबद्दल रोज दिवा लावताना मनातल्या मनात हात जोडतो. ज्या सोनारानं सेट तोडून दिला त्याला जोडतो. शोभाच्या त्या सासूला जोडतो, ती आता नाही. सगळं जुळून आलं असतं तर लोक म्हणाले असते, छान दिसली पोरगी, आणि घरी गेले असते. जुळलं नाही म्हणून मला माझा मेव्हणा परत मिळाला.

पुढं जावयानं कितीदा तरी शोभाला म्हटलं, त्या हाराचे जोडीचे झुमके करून देतो. तिनं करू दिले नाहीत. ती फुलं ती त्याच डबीत ठेवते, झुमक्यांच्या खड्ड्यांत. ती तिथं बसत नाहीत. मासा वर येतो, झाकण लागत नाही, म्हणून तिनं डबीला दोरा गुंडाळलाय. तिच्या घरी गेलो की मी ती डबी मागून घेतो. दोरा सोडतो, बघतो, परत गुंडाळून देतो. कशासाठी ते ती विचारत नाही.

आणि काल गौरीचा सेट आला. ते कळल्यावर दत्तू पोराच्या गाडीत बसून राधानगरीहून मुद्दाम बघायला आला. आता तो वाकलाय, काठी घेतो, आणि ऐकायला फार कमी येतं. त्याच्याशी बोलायचं म्हणजे आख्ख्या गल्लीशी बोलावं लागतं. गौरीनं डबी उघडून त्याच्या मांडीवर ठेवली. हार, आणि खड्ड्यांत बरोबर बसलेलं कानातलं. खडा तोच, घडण तीच, लोंबणारा मोतीसुद्धा तोच. झाकण लावलं की टक् असा आवाज. त्यानं दोनदा उघडून दोनदा लावून बघितलं.

"दाजी, समदं जुळलंय की."

"व्हय," मी ओरडलो.

"एक खडासुदिक इकडं-तिकडं न्हाय."

"न्हाय."

"बेस झालं. पोरगी नशिबवान," तो म्हणाला. डबी गौरीकडं दिली, तिच्या डोक्यावर हात ठेवला. मग काठीवर हनुवटी टेकून रस्त्याकडं बघत बसला. शेजारच्या दारात मांडवाचे वासे उतरत होते.

"मग ह्या लग्नात आपण भांडायचं कशावर?"

मी जरा विचार केला. आणि अगदी हळू, स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणालो, "खांदा टेकला हुता."

"उचललेला हुता," दत्तू लगेच म्हणाला. ज्याला हाक मारलेली कळत नाही, त्याला एवढं बरोबर ऐकू आलं. आणि त्यानं आपली खुर्ची माझ्या त्यातल्या त्यात बऱ्या कानाकडं ओढून घेतली.